दुरुस्त होऊन आलेले पिस्तूल पुन्हा 'खट्' करते तेव्हा

तक्रार अशी. ९ मिमीचे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल, मागे उघडा घोडा (हॅमर) असलेले. चाप ओढला की घोडा पडतो, 'खट्' आवाज येतो आणि बार होत नाही. काडतूस काढून पाहिले तर प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर, फायरिंग पिनचा ठसा असतो, पण उथळ. दुरुस्तीला दिले की बरे होते. तीनचारशे गोळ्या गेल्या की पुन्हा तेच.

माझ्याकडे हे दोनदा झाले. पहिल्या दुरुस्तीत घोड्याची स्प्रिंग बदलली, दुसऱ्या वेळी फायरिंग पिन आणि तिची परतीची स्प्रिंग. दोन्ही वेळा ५० गोळ्या उडवून पाहिल्या, ५० च्या ५० उडाल्या आणि मी समाधानाने घरी आलो. तिसऱ्यांदा 'खट्' झाले तोवर पिस्तुलाइतकाच माझा हातही बिघडला होता. चाप ओढण्याआधीच मन विचारायचे, आता उडेल की नाही? त्या विचाराने मनगट आखडायचे आणि नेम खाली जायचा. मित्र सांगत, 'भरपूर गोळ्या मार, विश्वास आपोआप येईल.' तसा तो आला नाही. बिघाडाचे कारण डोळ्यांनी पाहिले, मग गोळ्या मोजल्या आणि शेवटी स्वतःचा हात तपासला. या क्रमाने गेलो तेव्हा तो आला. हाच क्रम इथे सविस्तर लिहितो, कारण हीच तक्रार घेऊन अडलेले बरेच नेमबाज मी पाहिले आहेत.

'खट्' झाल्याक्षणी

नळीचे तोंड निशाण्याकडेच ठेवा, बोट चापावरून काढा आणि मनात ३० पर्यंत मोजा. प्रायमर उशिरा पेटला तर बार काही क्षणांनी होऊ शकतो. काडतूस तोवर चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या त्याच्या जागेत, बंद असले तर ठीक. तुम्ही घाईने स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) मागे खेचून ते उघड्यावर आणले आणि तिथे ते फुटले तर हात आणि डोळे दोन्ही धोक्यात. ३० सेकंदांनी आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून काडतूस बाहेर घ्या.

स्पर्धेत 'ठोक आणि खेच' शिकवतात: मॅगझिनच्या बुडावर थाप मारायची, स्लाइड खेचायची, पुढे चालू. घड्याळ चालू असताना ते योग्य. बिघाड शोधताना मात्र हा सराव विसरा. एक तर बिघडलेले काडतूस इतर पुंगळ्यांमध्ये हरवते. दुसरे जास्त गंभीर आहे. बार झाला, पण आवाज फुसका आला किंवा झटका नेहमीपेक्षा कमी लागला, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी गोळी सोडली तर नळी फुटू शकते. असा फुसका बार झाला की तिथेच थांबायचे, पिस्तूल रिकामे करायचे आणि नळी आरपार मोकळी दिसते का ते पाहिल्याशिवाय पुढची गोळी भरायची नाही. याला अपवाद नाही.

न उडालेले काडतूस हाच पुरावा

मी सुरुवातीला ही काडतुसे रेंजवरच्या डब्यात टाकून देत असे. तिसऱ्या वेळी ती बाजूला ठेवली, प्रत्येकावर मार्करने तारीख, मॅगझिनचा क्रमांक आणि त्या दिवसातली कितवी गोळी ते लिहिले. शेजारी त्याच डब्यातल्या उडालेल्या पुंगळ्या ठेवून दोघांचे ठसे पाहिले.

ठसा खोल आणि मधोमध असेल, तरीही बार झाला नसेल, तर संशय काडतुसावर. तेच काडतूस पुन्हा भरून दुसरा ठोका दिला आणि तरीही उडाले नाही, तर बहुधा प्रायमरच खराब. ठसा उथळ असेल तर पिनला पुरेसा जोर मिळत नाही किंवा मिळालेला जोर वाटेत कुठेतरी खर्ची पडतो. ठसा मध्यापासून सरकलेला असेल तर स्लाइड पूर्ण बंद होते का, नळी नीट बसते का, ते पाहावे लागेल.

एक फसवी जागा आहे. दुसऱ्या ठोक्याला बार झाला म्हणजे पिस्तूल दोषी, असे लोक पटकन ठरवतात. प्रायमर कारखान्यात पूर्ण आत बसवलेला नसेल तर पहिला ठोका त्याला आत ढकलण्यातच जातो आणि दुसऱ्याला बार होतो. त्यामुळे डब्यातल्या उरलेल्या काडतुसांच्या बुडावरून बोट फिरवा. प्रायमर बुडाशी सपाट किंवा केसभर आत हवा. उंचवटा हाताला लागला तर तो डबा बाजूला ठेवा. माझ्या डब्यातले सगळे सपाट होते आणि उथळ ठसे तीन वेगवेगळ्या लॉटमध्ये (कारखान्यातल्या खेपांमध्ये) मिळाले होते. दोष पिस्तुलात होता हे तिथे पक्के झाले.

दोन दुरुस्त्या का टिकल्या नाहीत

याचे उत्तर माझ्याच वहीत होते. पहिल्या दुरुस्तीनंतर तक्रार परत आली ३४० व्या गोळीला, दुसरीनंतर ४१० व्या. मोडलेला किंवा झिजलेला भाग असा कॅलेंडर पाहून वागत नाही. नवी पिन दर चारशे गोळ्यांनी म्हातारी होत नाही. काहीतरी हळूहळू साचत होते आणि दुरुस्तीच्या वेळी निघून जात होते.

दोन्ही वेळा मी पिस्तूल लख्ख पुसून दिले होते. आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना स्वच्छ असावी, ही साधी रीत. कारागिरानेही कामाला हात घालण्यापूर्वी सगळे सुटे भाग द्रावणात धुऊन घेतले, कारण त्याची ती रीत. म्हणजे खरे कारण दोन्ही वेळा धुऊन गेले, पिस्तूल त्या धुण्याने बरे झाले आणि श्रेय नव्या स्प्रिंगला मिळाले.

तिसऱ्या वेळी मी फक्त पिस्तूल रिकामे केले, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासला आणि जसे होते तसे कारागीर काकांकडे नेले. सोबत ठसे असलेली काडतुसे आणि वही. म्हटले, "काका, या वेळी धुऊ नका. आहे तसे माझ्यासमोर उघडा."

त्यांनी स्लाइडमधून पिन बाहेर काढली. ती नीट सरकत आली नाही, ओढावी लागली. पिनवर आणि तिच्या पोकळीत राखाडी-काळा चिखल होता. तेल, प्रायमरची काजळी आणि पितळेचा बारीक कीस यांचे मेण झाले होते. घोडा पूर्ण जोराने ठोकत होता, पिनही चांगली होती. पिन त्या चिखलातून जाताना निम्मा जोर गमावत होती.

"इथे तेल कोण घालतं?" काकांनी विचारले. मीच घालत होतो. दर सरावानंतर ब्रीचच्या तोंडावर, म्हणजे पुंगळीचे बूड जिथे टेकते त्या सपाट भागावर, मी तेलाचा फवारा मारायचो आणि पिस्तूल नळी वर करून पेटीत उभे ठेवायचो. त्या भागाच्या मध्यावर पिनचे भोक असते. रात्रभर तेल त्यातून आत उतरायचे. पुढच्या सरावात काजळी त्याला चिकटायची. तेल गंजापासून वाचवते म्हणून मी मनापासून, नियमाने घालत होतो.

पिनची पोकळी कोरडी हवी. वंगण स्लाइडच्या पट्ट्यांवर, नळी जिथे घासते तिथे, आणि तुमच्या पिस्तुलाच्या माहितीपत्रकात ज्या जागा दाखवल्या आहेत तिथे, थेंबाथेंबाने. ब्रीचच्या तोंडावर फवारा मारायचा नाही, तिथे तेलाने किंचित ओलावलेली चिंधी फिरवली की पुरे. पोकळी साफ करायची तर पिन काढावी लागते. ती स्प्रिंगच्या ताणावर असते आणि सुटली तर डोळ्यापर्यंत उडते. माहितीपत्रकात हे काम मालकाने करावे असे लिहिलेले नसेल तर कारागिराकडूनच करून घ्या, आणि ते होताना चष्मा लावून शेजारी उभे राहा.

तुमचे कारण वेगळे असू शकते

उथळ ठशाची आणखी काही नेहमीची कारणे आहेत. चाप हलका व्हावा म्हणून घोड्याची हलकी स्प्रिंग बसवलेली असते. मऊ प्रायमरवर ती चालते, कडक प्रायमर आला की अडते. अशा वेळी मूळ ताकदीची स्प्रिंग परत बसवा, दुसरा उपाय शोधत बसू नका. स्लाइड केसभर उघडी राहत असेल तर घोड्याचा जोर तिला बंद करण्यात जातो. मग रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे ढकलणारी), चेंबरमधली घाण आणि काडतुसाची लांबी तपासा. पिनचे टोक झिजलेले किंवा तुटलेले भिंगाखाली लगेच दिसते.

तक्रार 'खट्'ची नसून रिकामी पुंगळी अडकण्याची असेल तर एक्स्ट्रॅक्टरकडे, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याकडे, पाहा, पण तिथेही तोच न्याय. नवा एक्स्ट्रॅक्टर बसवण्याआधी जुन्याच्या आकड्याखाली पितळेचा कीस दाबून बसलाय का ते न धुता पाहा. आणि नवी गोळी नळीत चढताना अडत असेल तर पहिला संशय मॅगझिनवर. सगळ्या मॅगझिनवर आकडे टाका. बिघाड नेहमी २ क्रमांकाच्याच मॅगझिनमध्ये होत असेल तर पिस्तुलाला हात लावायची गरजच नाही.

माझे ठाम मत: कारण डोळ्यांना दिसले नसेल तर तिसरा भाग बदलू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. स्प्रिंग, काडतूस आणि मॅगझिन तिन्ही एकदम बदलले आणि पिस्तूल चालले, तर कशामुळे चालले हे कधीच कळणार नाही, आणि ते न कळलेले मनात राहते.

५० गोळ्या का पुरत नाहीत

समजा पिस्तूल १०० गोळ्यांमागे सरासरी एकदा अडते. ते दुरुस्त झालेलेच नाही आणि तुम्ही ५० गोळ्या मारल्या. एकदाही न अडण्याची शक्यता सुमारे ६० टक्के. म्हणजे न सुधारलेले पिस्तूल १० पैकी ६ वेळा परीक्षेत पास होणार. १०० गोळ्या मारल्या तरी ही शक्यता ३७ टक्क्यांच्या आसपास राहते. ३०० गोळ्यांना ती ५ टक्क्यांवर येते. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा ठोकताळा आहे: एकही बिघाड न होता जितक्या गोळ्या गेल्या त्या संख्येने ३ ला भागा. ३०० गोळ्या स्वच्छ गेल्या तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येते की बिघाडाचे प्रमाण १ टक्क्याच्या आत आहे. ६०० गेल्या तर अर्ध्या टक्क्याच्या आत.

हा हिशेब अधूनमधून, कधीही होणाऱ्या बिघाडाला लागू पडतो. साचत जाणाऱ्या बिघाडाला आणखी एक अट लागते: आधी तो जिथे परत आला होता तो आकडा ओलांडायला हवा. माझा बिघाड ३४० आणि ४१० ला परत आला होता. त्याला ५० गोळ्यांची चाचणी देणे म्हणजे पावसाळ्यात गळणारे छत उन्हाळ्यात तपासणे. मी ६०० ठरवल्या, नेहमीच्या सरावाच्या वेगाने, नेहमीच्या साफसफाईसह, फक्त ब्रीचवरचा फवारा बंद.

जॉन ब्राउनिंग यांच्या पिस्तुलाने १९११ साली अमेरिकी लष्कराच्या चाचणीत ६,००० गोळ्या न अडता उडवल्या आणि मग ते सैन्यात स्वीकारले गेले. तेवढ्या गोळ्या आपल्याला परवडणार नाहीत आणि तशी गरजही नाही. पण आकडा आधी ठरवायचा आणि तो पूर्ण होईपर्यंत निकाल द्यायचा नाही, ही शिस्त तिथून घेण्यासारखी आहे. पिस्तूल स्वसंरक्षणासाठी ठेवलेले असेल तर तो आकडा गाठेपर्यंत त्याच्या भरवशावर राहू नका.

चाचणीचा क्रम

आधी घरी, दारूगोळा दुसऱ्या खोलीत ठेवून. मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेला. चाप ओढला की घोडा एकदाच पडतो का? सेफ्टी लावल्यावर पडायचे थांबते का? स्लाइड मागे खेचून सोडल्यावर घोडा वरच थांबतो की तिच्याबरोबर खाली येतो? खाली येत असेल तर ते पिस्तूल रेंजवर न्यायचे नाही, थेट कारागिराकडे. .२२ रिमफायर असेल तर रिकामा चाप ओढण्याआधी माहितीपत्रक वाचा, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये पिन चेंबरच्या काठावर आदळते.

जुन्या कारागिरांची एक पेन्सिलची चाचणी आहे. रिकाम्या पिस्तुलाची नळी वर करायची, मागे रबर असलेली पेन्सिल रबराच्या बाजूने आत सोडायची, चष्मा लावायचा आणि चाप ओढायचा. पिनला जोर असेल तर पेन्सिल नळीबाहेर उडते. माझ्या पिस्तुलात चिखल असताना ती जेमतेम बोटभर उचलली गेली होती. साफ केल्यावर बाहेर पडली. ही ढोबळ परीक्षा आहे, पण आधी आणि नंतर असे दोन्ही वेळा केली तर फरक डोळ्यांना दिसतो. मला त्या पेन्सिलने पहिल्यांदा धीर दिला.

रेंजवर पहिल्या मॅगझिनमध्ये एकच गोळी. मग दोन, असे चारपाच वेळा. दुरुस्तीनंतर चापाच्या यंत्रणेत काही चुकले असेल तर एका ओढीत दोन बार होऊ शकतात, आणि तसे व्हायचेच असेल तर मॅगझिनमध्ये तिसरी गोळी नसलेली बरी. त्यानंतर पाच, त्यानंतर भरलेले मॅगझिन. वहीत प्रत्येक मॅगझिनची ओळ: तारीख, लॉट, मॅगझिन क्रमांक, गोळ्या, काय झाले. 'काही नाही' हेही लिहायचे. शेवटी त्याच ओळी पाहून मन स्वस्थ होते.

आता हात

पिस्तूल बरे झाले तरी माझा नेम खालीच जात होता. एका अनुभवी सहकाऱ्याला दोन मॅगझिन मारायला दिली. त्याच्या गोळ्या एका मुठीत मावतील एवढ्या जागेत पडल्या. म्हणजे पिस्तूल सुटले होते, मी अडकलो होतो.

उपाय जुना आहे आणि तो लागू पडतो. सहकाऱ्याने माझ्या नजरेआड मॅगझिन भरायचे, खऱ्या काडतुसांत दोनतीन डमी मिसळायच्या. डमी आली की बार होत नाही, पण हात काय करतो ते उघडे पडते. पहिल्या दिवशी प्रत्येक डमीला माझी नळी झटक्याने खाली गेली. मी झटका लागण्याआधीच त्याला दाबत होतो. सहा महिने 'खट्'ची धास्ती घेऊन चाप ओढल्यावर दुसरे काय होणार.

यात एक गोष्ट मला आधी कळली नव्हती. या सरावात 'खट्' हा आवाज मुद्दाम, ठरवून, पुन्हा पुन्हा ऐकू येतो. तो ऐकून थांबायचे, नेम धरायची पुढची साइट कुठे आहे ते पाहायचे, ३० मोजायचे, स्लाइड ओढायची. दहाबारा दिवसांत त्या आवाजाने दचकायचे थांबलो. नळी जागेवर राहू लागली. सैल मनगटाने धरल्यामुळेही स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी अडकते, हेही याच दिवसांत लक्षात आले. भ्यालेला हात स्वतः नवे बिघाड तयार करतो आणि दोष दुरुस्तीवर जातो.

६१२ वी गोळी

ठरवलेल्या ६०० झाल्या तेव्हा वहीत बिघाडाची एकही ओळ नव्हती. त्याच दिवशी, ६१२ व्या गोळीला, 'खट्'.

३० मोजले. मॅगझिन काढले, काडतूस हातात घेतले. ठसा खोल, मधोमध, शेजारच्या उडालेल्या पुंगळीइतकाच. पुन्हा भरून दुसरा ठोका दिला, तरी नाही. प्रायमर मेलेला होता. मार्करने '६१२, खोल ठसा, काडतूस' असे लिहिले, वहीत ओळ भरली आणि ते काडतूस रेंजच्या निकामी काडतुसांच्या डब्यात दिले. मग उरलेले मॅगझिन संपवले. गोळ्या मधल्या वर्तुळात होत्या.

सराव संपल्यावर काकांकडे जाऊन पिन पुन्हा उघडून घेतली. बाहेर येताना ती अडली नाही. पोकळीत कोरडी करडी धूळ होती, कापसाचा बोळा एकदा फिरवला आणि ती निघाली. आता दर ५०० गोळ्यांनी पिन उघडायची असे ठरले आहे. वहीच्या पुढच्या पानावर ११०० हा आकडा लिहून ठेवला आहे आणि पिस्तूल पेटीत आडवे ठेवलेले आहे.